सावकाश चालणारा आजार

हे पुस्तक ज्यांच्या हाती पडेल, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या घरात थायरॉइडच्या शंभर गोळ्यांची बाटली आधीपासूनच असेल. आईची असेल, बायकोची असेल, कधी वडिलांची किंवा कॉलेजात जाणाऱ्या मुलीची. भारतातल्या आठ ठिकाणच्या पाच हजारांवर प्रौढांची तपासणी करून काढलेले निष्कर्ष 2013 साली प्रसिद्ध झाले. त्या आठांत मुंबई होती, गोवाही होता. शंभरातल्या साधारण अकरा जणांची थायरॉइड ग्रंथी कमी काम करत होती आणि जवळजवळ पाचातल्या एकाच्या रक्तात या ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. आजार इतका घरोघरी पोचला आहे, तरी घरात त्याबद्दल बोलणं होतं ते वाढलेल्या वजनाचं आणि गोळी जन्मभर घ्यावी लागेल या धास्तीचं. तो होतो कसा, रिपोर्टातल्या आकड्यांतला कोणता महत्त्वाचा, कशाची वाट बघायची आणि कशाची नाही, हे कोणी समजावून सांगितलेलं नसतं.

मी सोलापुरात फिजिशियन म्हणून काम करते. ओपीडीत एका पेशंटला दहा मिनिटं मिळाली तरी खूप झालं, आणि हा आजार दहा मिनिटांत समजावता येत नाही. म्हणून हे पुस्तक लिहिलं. त्यातला मुख्य मुद्दा इथेच सांगते. ऑटोइम्यून थायरॉइडच्या आजारात सगळं सावकाश घडतं. ग्रंथी वर्षानुवर्षं झिजत जाते, लक्षणं महिन्यामहिन्यांनी गोळा होतात, औषधाचा परिणाम आठवड्यांनी दिसतो. आपलं वागणं मात्र नेमकं उलटं असतं. थकलेल्या बाईला तपासायला आपण वर्षं लावतो आणि एकदा गोळी सुरू झाली की पंधरा दिवसांत गुण हवा असतो. पेशंटचं जे नुकसान मी पाहिलं, त्यातलं बरंचसं आजारापेक्षा या दोन चुकांनी झालेलं होतं.

या आजाराचा शोधही सावकाशच लागला. जपानमध्ये फुकुओकाच्या क्यूशू विद्यापीठात हाकारू हाशिमोतो नावाचा तिशीतला सर्जन काम करत होता. गळ्याची गाठ म्हणून शस्त्रक्रिया करून काढलेल्या ग्रंथी तो सूक्ष्मदर्शकाखाली बघत असे. त्यांतल्या चार त्याला वेगळ्या वाटल्या. चारही चाळिशी ओलांडलेल्या बायकांच्या. एरवी लसिकाग्रंथींत दिसणाऱ्या पांढऱ्या पेशींचे थवेच्या थवे या ग्रंथींत शिरले होते आणि मूळच्या पेशी सुकत चालल्या होत्या. हा नवाच आजार आहे, असं त्याने 1912 मध्ये एका जर्मन नियतकालिकात लिहिलं. फारसं कोणी लक्ष दिलं नाही. कित्येकांना ती दुसऱ्याच एका माहितीतल्या आजाराची पहिली पायरी वाटली. हाशिमोतो पुढे गावी परतला, तिथे घरचा दवाखाना चालवला आणि 1934 मध्ये विषमज्वराने वारला. आज जगभरच्या रिपोर्टांवर आणि केसपेपरांवर त्याचं नाव लिहिलं जातं, ते बघायला तो राहिला नाही.

पांढऱ्या पेशी तिथे का जमल्या, याचं उत्तर मिळायला आणखी 44 वर्षं गेली. शरीर स्वतःवर उलटत नाही, असं त्या काळचं वैद्यकशास्त्र धरून चाललं होतं. पॉल अर्लिखसारख्या थोर शास्त्रज्ञाचं मत त्यामागे होतं, त्यामुळे शंका घेणंही अवघड होतं. 1956 मध्ये लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलात आयव्हन रॉइट, डेबोरा डोनिआक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाशिमोतोच्या रुग्णांच्या रक्तातला द्रव आणि माणसाच्या थायरॉइडचा अर्क एकत्र आणला. दोहोंच्या संयोगाने साका धरला. रुग्णाच्या रक्तात त्याच्याच ग्रंथीतल्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं होती. त्याच वर्षी अमेरिकेत बफलो इथे नोएल रोझ आणि अर्न्स्ट विटेब्स्की यांनी सशांवरच्या प्रयोगांतून हेच दाखवलं. सशाच्याच थायरॉइडचं प्रथिन सशाला टोचलं तर त्याच्या ग्रंथीत तशाच पेशी जमतात. ऑटोइम्यून आजारांचं आजचं शास्त्र बऱ्याच अंशी या एका ग्रंथीपासून सुरू झालं. म्हणून थायरॉइड नीट समजून घेतला, तर संधिवात, कोड किंवा लहान मुलांचा मधुमेह यांच्याकडेही वेगळ्या नजरेने बघता येतं.

थोडक्यात, दोष मुळात ग्रंथीत नसतो. गळ्याच्या पुढच्या भागात, कंठमण्याच्या खाली असलेली ही पंचवीसेक ग्रॅमची ग्रंथी आपलं काम नीट करत असते. रोगजंतूंशी लढायला असलेली प्रतिकारयंत्रणा तिला परकं समजू लागते. याचं मूळ काही अंशी घराण्यात असतं. आई, मावशी, बहीण यांपैकी कोणाला तरी हा त्रास पुष्कळदा असतो. पुरुषांपेक्षा बायकांत तो कितीतरी पटींनी जास्त आढळतो. बाळंतपणानंतरच्या वर्षात, जास्त आयोडीन पोटात गेल्यावर किंवा काही औषधांनीही तो डोकं वर काढतो. 'टेन्शनमुळे झालं' असं म्हणून घरातल्या कोणाला त्याचा दोष देण्यात अर्थ नाही.

हा हल्ला दोन प्रकारचा असू शकतो. पहिल्यात पेशी मरत जातात आणि संप्रेरक कमी पडतं. तो हाशिमोतोचा आजार. दुसऱ्यात प्रतिपिंडं ग्रंथीच्या पेशींवर बसून त्यांना विश्रांतीच देत नाहीत आणि संप्रेरक उतू जातं. तो ग्रेव्हज्‌चा आजार. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज्‌ यांनी त्याचं वर्णन 1835 मध्ये केलं आणि जर्मनीच्या बासेडो यांनी 1840 मध्ये. दोन्ही आजार एकाच घरात दिसतात, क्वचित एकाच माणसाला आयुष्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर होतात. या पुस्तकात हाशिमोतोला जास्त जागा दिली आहे, कारण तो जास्त आढळतो आणि त्याच्याकडे दुर्लक्षही जास्त होतं.

दुर्लक्ष का होतं, ते लक्षणांची यादी पाहिली की कळतं. थकवा, सुस्ती, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, केस गळणं, थंडी सहन न होणं, पाळीत जास्त रक्त जाणं, अंग जड वाटणं, विसरभोळेपणा, उदास वाटणं. यांतलं प्रत्येक लक्षण घरात कशाच्या तरी माथी मारलं जातं. काम जास्त पडतंय, वय झालं, पाळी जायची वेळ आली, बाळंतपणानंतर असं होतंच, सुनेला कामच नको असतं. नवऱ्याबरोबर आलेली बाई तक्रार सांगू लागते आणि नवरा तिचं वाक्य तोडून म्हणतो, 'काही नाही हो डॉक्टर, दिवसभर झोपते म्हणून वजन वाढलंय.' हे वाक्य ऐकलं नाही असा महिना माझ्या ओपीडीत जात नाही. झोप हे कारण नसतं, तो परिणाम असतो, हे मी त्याच वेळी, त्याच्यासमोरच सांगते.

अशा बाईला तपासताना मी काय बघते, ते इथे लिहिते, कारण वाचकही त्यातलं काही बघू शकतात. नाडी मोजली तर मिनिटाला साठीच्या आत लागते. हात कोरडा आणि गार. डोळ्यांखाली सकाळची सूज दुपारपर्यंत टिकलेली. भुवयांची बाहेरची टोकं विरळ. आवाज थोडा घोगरा झालेला, तोही तिला जाणवत नाही, फोनवर बोलणाऱ्या बहिणीला जाणवतो. मग तिला खुर्चीवर गुडघे टेकून उभं करते आणि टाचेच्या वरच्या शिरेवर छोट्या हातोडीने हलकेच टकटक करते. पाऊल झटकन खाली जातं, पण जागेवर परत येताना रेंगाळतं. हे रेंगाळणं नुसत्या डोळ्यांना दिसतं, आणि ते एकदा पाहिलेला विद्यार्थी जन्मभर विसरत नाही. गळा बघायचा तर आरशासमोर मान किंचित मागे करून पाण्याचा एक घोट घ्यावा. घोट गिळताना कंठाखाली एखादा उंचवटा वरखाली झाला तर डॉक्टरांना दाखवावा. हाशिमोतोची ग्रंथी हाताला बहुधा घट्ट, रबरासारखी लागते. दुखत मात्र नाही.

मनाच्या लक्षणांसाठी वेगळं प्रकरण ठेवलं आहे. लंडनचे डॉक्टर रिचर्ड अॅशर यांनी 1949 मध्ये 14 रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. भ्रम आणि संशय यांमुळे ही माणसं वेडी ठरली होती, आणि मुळात त्यांची थायरॉइड मंदावलेली होती. थायरॉइडचा अर्क दिल्यावर बहुतेकांची मनं ताळ्यावर आली. इतकं टोक आज क्वचितच गाठलं जातं. तरी नैराश्याची गोळी सुरू करण्याआधी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी केलेली असावी, हा माझा आग्रह आहे. लहान मुलांत तर लक्षणं आणखी फसवी. मूल शांत असतं, शाळेत मागे पडतं आणि त्याची उंची वाढायची थांबते. ज्या आया दारामागच्या भिंतीवर दरवर्षी मुलाच्या उंचीची रेघ मारतात, त्यांनी दोन रेघा जवळजवळ येऊ लागल्या तर थांबू नये.

आता तपासणी. टीएसएच हे संप्रेरक थायरॉइडचं नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीतून येतं. कामगार ढिला पडला की मुकादमाचा आवाज चढतो, तसा थायरॉइड मंदावला की टीएसएच वाढतो. थायरॉइड जास्त काम करू लागला की टीएसएच शून्याजवळ जातो. म्हणून आकडा वाढला याचा अर्थ थायरॉइड वाढला असा नाही, कमी झाला असा आहे. हा घोटाळा इतका सर्रास होतो की 'माझा थायरॉइड वाढलाय' या वाक्यावरून पेशंटला काय झालंय ते काहीच कळत नाही.

एक नमुना रिपोर्ट घेऊ. चौतीस वर्षांची बाई, थोडा थकवा. टीएसएच 7.8, प्रयोगशाळेची वरची मर्यादा साडेचारच्या आसपास. फ्री टी4, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक, मर्यादेत. अँटी-टीपीओ, म्हणजे ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडं, 412, मर्यादा 34. हा कागद हातात पडला की घरात घबराट होते, विशेषतः त्या 412 मुळे. याचा अर्थ असा की प्रतिकारयंत्रणेचा हल्ला चालू आहे, ग्रंथीवर ताण आला आहे, पण पियूषिकेच्या जादा रेट्याने ती अजून पुरेसं संप्रेरक बनवते आहे. इंग्लंडच्या ईशान्य भागातल्या व्हिकम इथल्या लोकांची तपासणी 1970च्या दशकात झाली आणि वीस वर्षांनी त्याच लोकांना पुन्हा तपासलं गेलं. टीएसएच वाढलेला आणि प्रतिपिंडंही असलेल्या शंभर बायकांमध्ये दर वर्षी साधारण चार जणींची थायरॉइड पूर्ण मंदावत होती. वीस वर्षांत निम्म्याहून थोड्या जास्त. नुसती प्रतिपिंडं असतील तर वर्षाला शंभरात दोन. म्हणजे या बाईला गोळी आजच लागेल असं नाही. ती गरोदर नसेल आणि मूल होऊ देण्याचा विचारही नसेल, तर दोनतीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करायची. टीएसएच दहाच्या वर टिकून राहिला तर बहुतेक वेळा गोळी सुरू करतात. मधल्या पट्ट्यात वय, लक्षणं, कोलेस्टेरॉल, हृदय हे सगळं बघून ठरवायचं. वय वाढतं तसा टीएसएच आपसूक थोडा वर सरकतो. पासष्टीपुढच्या सातशेहून अधिक लोकांवर युरोपात झालेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा किंचित वाढलेला टीएसएच गोळीने खाली आणूनही त्यांचा थकवा कमी झाला नाही. आजोबांच्या रिपोर्टातला 6.5 पाहून गोळीसाठी हट्ट धरणाऱ्या मुलांनी हे ध्यानात ठेवावं.

अँटी-टीपीओ निदानासाठी एकदा तपासलं की पुरे. ते 412चं 280 झालं म्हणून आजार उतरला असं होत नाही आणि 600 झालं म्हणून चढला असंही नाही. तरी 'अँटीबॉडी उतरवून देतो' अशा जाहिराती करून हजारो रुपयांचे आहारक्रम आणि पावडरी विकल्या जातात. त्यांच्या मागे लागू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. गळ्यात गाठ हाताला लागत नसेल तर सोनोग्राफीही सहसा लागत नाही.

तपासणीतली एक फसगत मात्र सविस्तर सांगायला हवी. केस गळतात म्हणून बायका बायोटिनच्या गोळ्या घेतात, सरळ दुकानातून आणून. रक्तात बायोटिन जास्त असेल तर काही यंत्रांवर टीएसएच खोटाच कमी आणि टी4 खोटंच जास्त येतं. रिपोर्टवर ग्रेव्हज्‌ दिसतो आणि बाई ठणठणीत असते, किंवा तिच्या चालू गोळीचा डोस विनाकारण कमी केला जातो. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावं, डोस मोठा असेल तर किती दिवस ते डॉक्टरांना विचारावं. थायरॉइडच्या तपासणीला उपाशीपोटी जायची गरज नाही. पण प्रत्येक वेळी सकाळच्या साधारण त्याच सुमाराला, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, आणि त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर, एवढं पाळलं तर दोन रिपोर्टांची तुलना करता येते.

हाशिमोतोवरचा उपचार वैद्यकातल्या फार सुंदर गोष्टींपैकी एक आहे. 1891 मध्ये न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका आजारी बाईला टोचायला सुरुवात केली. सुजलेली, सुस्त, बोलतानाही अडखळणारी ही बाई बरी झाली आणि आणखी 28 वर्षं जगली. 1914च्या नाताळात अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये एडवर्ड केंडॉल यांनी ग्रंथीतून थायरॉक्सिन शुद्ध रूपात वेगळं काढलं. आज आपण लेव्होथायरॉक्सिन म्हणून जी गोळी घेतो, ती म्हणजे तेच संप्रेरक. शरीरात जे कमी पडतं तेच भरून काढायचं, बाहेरचं काही घालायचं नाही. डोस योग्य असेल तर ती हाडं ठिसूळ करत नाही, मूत्रपिंड खराब करत नाही आणि तिची 'सवय' लागत नाही. ती जन्मभर घ्यावी लागते, कारण झिजलेली ग्रंथी सहसा परत उभी राहत नाही. बाळंतपणानंतरचा थायरॉइड दाह हा याला मोठा अपवाद. तो पुष्कळदा वर्षभरात ओसरतो, म्हणून अशा आईची गोळी पुढे कमी करून बघतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, स्वतःच्या मनाने नव्हे.

या गोळीचं शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे सात दिवस लागतात. तिचं सगळं गणित या एका आकड्यावर चालतं. सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर रक्तातली पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे जातात आणि पियूषिकाही त्यानंतरच शांत होते. म्हणून टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी बघायचा. तीन आठवड्यांनी रिपोर्ट काढून, 'अजून कमी नाही' म्हणून डोस वाढवणं, मग धडधड झाली म्हणून कमी करणं, मग डॉक्टर बदलणं, हे चक्र थांबवणं पेशंटच्याच हातात आहे. एखाद्या दिवशी गोळी राहिली तर घाबरू नये. आठवडाभर राहिली तर मात्र फरक पडतो, आणि तो पडल्याचं लगेच जाणवत नाही, हेच धोक्याचं आहे.

गोळी पाण्याबरोबर, रिकाम्या पोटी, चहाच्या अर्धा ते एक तास आधी. आपल्याकडे अडचण नेमकी या चहाचीच. पहाटे पाचला उठून सगळ्यांचे डबे करणारी बाई चहाशिवाय तासभर कशी काढणार? तिला मी गोळी रात्री झोपताना घ्यायला सांगते, जेवणानंतर तीन तास झाले असतील तर. तशीही ती तितकीच लागू पडते. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या मात्र चार तास लांब ठेवाव्यात. तिन्ही गोळ्या एकदम घेऊन टाकायची सवय फार आहे आणि 'डोस वाढवूनही टीएसएच उतरत नाही' यामागे कितीतरी वेळा एवढंच कारण असतं. एकादशीला, चतुर्थीला किंवा नवरात्रात गोळी बंद करायचं कारण नाही. पाण्याबरोबर घेतलेल्या औषधाने उपास मोडत नाही, हे कोणत्याही घरातल्या वडीलधाऱ्यांना पटवता येतं. मी पटवलं आहे. आणि बाटली. ती स्वयंपाकघरात गॅसच्या वरच्या फळीवर, खिडकीत किंवा फ्रिजच्या डोक्यावर ठेवलेली असते, आठवण राहावी म्हणून. थायरॉक्सिन उष्णता, दमटपणा आणि उजेड यांनी खराब होतं. सोलापूरच्या मे महिन्यात त्या फळीवर किती तापत असेल, ते वाचकांनीच बघावं. बाटली कपाटात ठेवावी, झाकण घट्ट लावावं, गोळ्या दुसऱ्या डबीत काढू नयेत.

वजनाबद्दल खरं बोलायला हवं. थायरॉइड मंदावल्याने वाढतं ते वजन सहसा काही किलोंचं असतं आणि त्यात पाण्याचा वाटा मोठा. गोळीने तेवढं उतरतं. वीस किलोंचं खापर थायरॉइडवर फोडता येत नाही. आणि थायरॉइड चांगला असताना वजन उतरवायला ही गोळी घेणं हृदयाला आणि हाडांना घातक आहे.

खाण्यापिण्यातल्या बंदी बहुतेक निराधार आहेत. कोबी, फ्लॉवर शिजवून खुशाल खा. सोयाबीन गोळीच्या वेळेपासून लांब ठेवा. मिठाचा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे. आयोडीनच्या कमतरतेमुळे एके काळी हिमालयाच्या पायथ्याशी गावंच्या गावं गलगंडाने ग्रासलेली होती. कांगडा खोऱ्यात 1956 मध्ये सुरू झालेल्या डॉक्टर रामलिंगस्वामींच्या अभ्यासाने आयोडीनयुक्त मिठाने हे थांबवता येतं, हे दाखवून दिलं. ते मीठ आपण आज रोज खातो. अलीकडे ते सोडून नुसतं सैंधव वापरायची टूम निघाली आहे. उपासापुरतं ठीक, रोजच्या स्वयंपाकात नको, विशेषतः घरात गरोदर बाई असेल तर मुळीच नको. उलट 'थायरॉइड सपोर्ट' नावाने विकल्या जाणाऱ्या, समुद्रशेवाळाच्या आयोडीनने भरलेल्या कॅप्सूल हाशिमोतोचा त्रास वाढवू शकतात. आयोडीन पुरेसं हवं, जास्त नको. कुठल्या काढ्याने गोळी सुटेल, असा प्रश्न मला रोज येतो. कोणाला काही घ्यायचं असेल तर डॉक्टरांना सांगून घ्यावं, पण त्यापायी थायरॉक्सिन बंद करू नये.

ग्रेव्हज्‌चं चित्र वेगळं. भूक वाढते तरी वजन उतरतं, हात थरथरतात, झोप उडते, घाम येतो, नाडी शंभरच्या पुढे धावते, डोळे बटबटीत दिसू लागतात. म्हाताऱ्या माणसात पुष्कळदा यांतलं काहीच नसतं, फक्त हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि माणूस खंगतो. उपचारात कार्बिमॅझोलच्या गोळ्या साधारण वर्ष-दीड वर्ष चालतात. त्यानंतर निम्म्या लोकांचा आजार परत येतो. तेव्हा किरणोत्सारी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया हे मार्ग उरतात. किरणोत्सारी आयोडीनला लोक नावामुळेच घाबरतात. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या वैद्यकीय विभागात, हे उपचार कित्येक दशकांपासून होत आले आहेत. गरोदरपणात आणि अंगावर पाजणाऱ्या आईला हे आयोडीन देत नाहीत आणि डोळ्यांचा त्रास जास्त असेल तर जपून वापरतात. ग्रेव्हज्‌चा पेशंट बिडी-सिगारेट ओढत असेल तर त्याने ती आजच सोडावी. तंबाखूच्या धुराने डोळ्यांचा त्रास वाढतो, यात शंका उरलेली नाही.

सबुरीचं एवढं सांगून झालं. आता सबुरी कुठे करायची नाही तेही स्पष्ट सांगते. कार्बिमॅझोल चालू असताना ताप आला आणि घसा दुखू लागला तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी रक्ताची तपासणी करायची. हजारातल्या दोन-पाच जणांत या औषधाने पांढऱ्या पेशी एकाएकी कोसळतात आणि तेव्हा उशीर जिवावर बेततो. थायरॉइड मंदावलेल्या माणसाचं वजन घटत असेल, रंग काळवंडत असेल, रक्तदाब कमी असेल, उलट्या होत असतील, तर थायरॉक्सिन देण्याआधी अधिवृक्क ग्रंथीची तपासणी करायची, कारण तिथेही असाच हल्ला झालेला असू शकतो. हृदयविकाराच्या पेशंटला पहिल्या दिवसापासून पूर्ण डोस द्यायचा नाही. आणि गोळी घेणाऱ्या बाईची पाळी चुकली, चाचणी पॉझिटिव्ह आली, तर त्याच आठवड्यात टीएसएच करून डॉक्टरांना भेटायचं. गर्भाची स्वतःची थायरॉइड पहिल्या तीन महिन्यांत काम करत नाही. बाळाच्या मेंदूला लागणारं संप्रेरक सगळं आईकडून येतं आणि आईचा डोस बहुधा पंचवीस ते तीस टक्के वाढवावा लागतो. अशा वेळी 'औषधांनी बाळाला अपाय होईल' म्हणून गोळी बंद करायचा सल्ला घरातली मायेची माणसंच देतात. त्या सल्ल्याने बाळाचंच नुकसान होतं. हे वाक्य मी पुस्तकात तीन प्रकरणांत मुद्दाम लिहिलं आहे.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचायलाच हवं असं नाही. रिपोर्ट हातात घेऊन आलेल्यांनी चौथं प्रकरण उघडावं, गरोदर बाईने आणि तिच्या सासू-आईने सातवं. डॉक्टरमित्रांसाठी वेगळं काही लिहिलेलं नाही, पण पेशंटला समजावताना कोणते शब्द उपयोगी पडतात ते त्यांना यात सापडेल. पुस्तक वाचून गोळीचा डोस कोणी स्वतः बदलू नये. ते काम समोर बसून, नाडी हातात घेऊन करायचं असतं.

वाचकांकडे एकच मागणं आहे. घरातल्या ज्या व्यक्तीला हा आजार आहे, तिचे आजवरचे सगळे रिपोर्ट शोधून तारखेप्रमाणे लावा. प्रत्येकावर त्या वेळी किती मायक्रोग्रॅमची गोळी चालू होती ते पेनाने लिहा. ती फाइल पुढच्या भेटीला डॉक्टरांसमोर ठेवा, आणि तिला काय होतंय ते तिचं तिलाच सांगू द्या.